नांगर आणि सांगड

आपल्या मराठी भाषेत काही शब्द दोन घरी नांदतात. 'नांगर' हा त्यांपैकीच एक. शेतकऱ्याचा नांगर जमीन फोडतो आणि नावाड्याचा नांगर नाव धरून ठेवतो. एक चालण्यासाठी, दुसरा थांबण्यासाठी. वरवर पाहता या दोन कामांत काहीच साम्य नाही. परंतु जरा बारकाईने पाहिले तर दोघांचे मर्म एकच आहे, असे ध्यानी येते. दोघांनाही मातीत रुतावे लागते आणि दोघांचेही यश ओढ कोणत्या कोनातून येते यावर अवलंबून असते. ओढ जमिनीलगत असली की फाळ खोल जातो. ओढ वर उचलणारी असली की तोच फाळ मातीतून निसटतो. हे तत्त्व देशावरील शेतकऱ्यालाही ठाऊक असते आणि किनाऱ्यावरील कोळ्यालाही.

'सांगड' हा असाच दुसरा शब्द. आज आपण विचारांची सांगड घालतो, जुन्या-नव्याची सांगड घालतो. परंतु मूळची सांगड ही नदी ओलांडण्याची वस्तू होती. वाळलेले भोपळे किंवा लाकडाचे ओंडके दोन बाजूंना घेऊन ते आडव्या दांड्यांनी एकत्र बांधले की सांगड तयार होई. एकटा भोपळा पाण्यात गरगर फिरतो, त्यावर माणूस टिकत नाही. दोन बांधले की त्यांच्यावर संसार पार होतो. युरोपीय भाषांत ज्याला पाँटून म्हणतात, तो याच युक्तीचा थोरला भाऊ. कुंभमेळ्यात प्रयागराज येथे गंगेवर लोखंडी पिपांचे तरंगते पूल उभारतात, त्यांच्याही मुळाशी हीच सांगड आहे. पोकळ वस्तू पाण्यावर, त्यावर सपाट फळ्या, आणि त्या फळ्यांवर निर्धास्त उभा असलेला माणूस.

आम्ही मूळचे वसईचे. आमचे आजोळ पाचूबंदरचे. शाळेतील नोकरीच्या निमित्ताने कोल्हापुरास आलो आणि येथलेच होऊन गेलो. समुद्र सोडून आलेल्या माणसाला कोल्हापूर हे कोरडे गाव वाटेल, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येते, त्यांत लोकश्रद्धेची गुप्त सरस्वती मिळते आणि पंचगंगा होते. ती पुढे नृसिंहवाडीस कृष्णेला भेटते. शहरात रंकाळा आहे, त्याच्या काठी शालिनी पॅलेस उभा आहे. गुऱ्हाळांतील काहिलीही या मुलखात अनेकदा नावेच्या कामी आल्या आहेत. रस उकळण्याची ती लोखंडाची विस्तीर्ण कढई पाण्यात सोडून तिच्यात बसून लोक नदी ओलांडत. तथापि काहील गोल असते. तिला नाक नाही आणि पाठ नाही. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून ती स्थिर राहू शकत नाही, भोवऱ्यासारखी फिरते.

आणि वारा तर येथे दोन तऱ्हांचा. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तेव्हा घटकेपूर्वी निश्चल असलेले झाड मुळापासून हलते. धूळ उठते, वारा दिशा बदलतो आणि अर्ध्या तासात सारे शांत होते. जूनपासून मात्र पश्चिमेचा वारा सुरू होतो. तो सह्याद्रीच्या माथ्यावरून, गगनबावड्याच्या बाजूने, पावसाला पाठीवर घेऊन येतो आणि दिवसेंदिवस थांबत नाही. नावेला पहिला वारा फसवतो, दुसरा थकवतो.

वाऱ्याच्या बळाचा एक हिशेब शाळेत मुलांना सांगताना आम्हांला नेहमी मौज वाटे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो; वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट. म्हणून संध्याकाळी सुतळीने बांधलेली होडी मध्यरात्री दोरखंड तोडते. त्यातही पिपांच्या तराफ्याची गोष्ट निराळी. नाव पाण्यात खोल बसते. तिचा कणा पाण्याला धरून राहतो. तराफा पाण्यावर बसलेला असतो. त्याचे थोडे अंग पाण्याखाली आणि पुष्कळ अंग पाण्यावर. त्यावर पाऊस लागू नये म्हणून ताडपत्रीचे छप्पर घातले की मालकाच्या नकळत त्या तराफ्याला शीड फुटते.

हे सारे आम्ही पुस्तकात वाचले होते. ते डोळ्यांनी पाहण्याचा योग २०२१ च्या जुलै महिन्यात आला.

कोल्हापूरकरांना पुराची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे येथे लहान मुलालाही पाठ असते. पावसाळ्यात शेजारी भेटला की प्रकृतीची विचारपूस नंतर होते, आधी "बंधाऱ्यावर किती?" हा प्रश्न. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्ट रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि सुटकेच्या वाटेवर असलेली अनेक माणसे, त्यांत बायका आणि लेकरे, बुडाली. ती बातमी ऐकून या सर्व परिसराची चूल दोन दिवस नीट पेटली नाही. दोनच वर्षांनी, २०२१ च्या २२ जुलैपासून, पाणी पुन्हा चढू लागले आणि पुन्हा ५५ फूट ओलांडून गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला. वर कोरोनाची साथ होतीच. तोंडाला मुखपट्टी आणि अंगणात पाणी, अशी ती अवस्था होती.

आमच्या घरापासून काही अंतरावर, रमणमळ्याच्या बाजूला, रस्ता उतरणीला लागतो आणि पुढे उसाची शेते सुरू होतात. त्या शेतांपलीकडील जराशा उंचवट्यावर सहा घरे होती. चारही बाजूंनी पाणी भरल्यामुळे त्यांचे बेट झाले. बचाव पथकांच्या बोटी अधिक निकडीच्या गावांकडे गेल्या होत्या आणि ते योग्यच होते. तेव्हा गल्लीतील तालमीची मुले आणि आमच्या धर्मग्रामातील युवक यांनी मिळून तराफा बांधला. दोनशे लिटरची प्लॅस्टिकची आठ पिंपे, बुचे घट्ट लावलेली; त्यांवर बांबूंची चौकट; चौकटीवर फळ्या; लांबी बारा फूट, रुंदी आठ फूट. एका परीने ती सांगडच होती, आणि ती केवळ पिंपांची नव्हती. एका बाजूस गळ्यात क्रूस घातलेली मुले होती, दुसऱ्या बाजूस कपाळी गंध लावलेली. दोर मात्र एकाच गाठीत होता.

या मंडळींत एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. सारे त्यांना आबा म्हणत. तरुणपणी त्यांनी कृष्णेवर नाव चालविली होती. पूल झाले, नाव गेली, ते मुलाकडे शहरात आले. त्यांनी प्रथम वजनाचा हिशेब मांडला. आठ पिंपे पूर्ण बुडाली तर सोळाशे किलो वजन पेलतील. परंतु पिंप निम्म्याहून अधिक बुडू द्यायचे नाही, म्हणजे आठशे राहिले. तराफ्याचे स्वतःचे ओले वजन साडेतीनशे धरा. उरले साडेचारशे. "म्हंजे सहा माणसं. सातवं माणूस चढलं तर मी उतरतो," असे सांगून त्यांनी विषय संपविला. ब्रह्मनाळचे नाव त्यांनी घेतले नाही, पण प्रत्येकाच्या मनात ते होते.

शुक्रवारी, २३ जुलैस, दिवसभर खेपा झाल्या. अंधार पडेपर्यंत पाच घरे रिकामी झाली. सहाव्या घरातील गृहस्थांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस घ्यावे लागे आणि त्यांची पाळी शनिवारी सकाळी होती. वरच्या मजल्यावर त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. तिला पाठीमागे ठेवून ते निघायला तयार नव्हते. दोघांना आणायचे तर खाट लागणार, चार माणसे लागणार आणि उजेड लागणार. आबांनी अंधारात खेप करण्यास साफ नकार दिला. मुले रागावली. आबा एवढेच म्हणाले, "रात्री नाव न्यायाची नसती, रात्री नाव राखायाची असती."

मुलांनी तराफा काठाशी आणून बाभळीला आखूड दोराने जखडला होता. वारा पश्चिमेचा, पाणी पश्चिमेला आणि काठ पूर्वेला. म्हणजे अर्ध्या मैलाच्या मोकळ्या पाण्यावरून येणारी प्रत्येक लाट तराफ्याला रस्त्याच्या दगडी कडेवर आपटणार. वर ताडपत्रीचे छप्पर होतेच. आबांनी दोराला हात लावून पाहिला आणि मान हलविली.

"पोरांनो, नाव म्हंजे म्हस न्हवं. म्हस आखूड दाव्याला बांधली तर गोठ्यात निवांत बसती. नाव आखूड बांधली की रातभर सोताचंच डोकं आपटून घेती."

"मग सोडून द्यायची काय, आबा?"

"सोडायची न्हाई. लांब धरायची."

त्यानंतर सुमारे दोन तास आबांनी जे केले, ते आम्ही कंदील धरून पाहत होतो. ते येथे सविस्तर लिहून ठेवतो. कोणा वाचकाला कधी उपयोगी पडेल.

प्रथम ताडपत्री उतरविली, खुर्च्या काढल्या, फळ्यांवर वाऱ्याला अडेल असे काही ठेवले नाही. मग नांगर हवा, अशी मागणी झाली. शहरात नावेचा नांगर कोठून आणणार? एका शेतकरी शेजाऱ्याच्या पडवीत बैलाचा जुना लोखंडी नांगर पडून होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगराचा कारखाना काढला, तेव्हापासून या भागात असे नांगर घरोघरी दिसत. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांना पडवी मिळाली. तो नांगर आणला. त्याला प्रथम आठ फूट लोखंडी साखळी जोडली आणि साखळीला नायलॉनचा दोर. साखळी कशासाठी, असे आम्ही विचारले. आबांनी उत्तर दिले की साखळी आपल्या भाराने खाली लोळते, त्यामुळे ओढ जमिनीलगत राहते आणि फाळ रुततो. दोर नायलॉनचा कशासाठी? तो ताणला जातो, हिसका खातो आणि पुन्हा मूळपदावर येतो. ताठ दोर हिसका खात नाही. तो तरी तुटतो किंवा खुंटा तरी उपटतो.

मग बांबूने पाण्याची खोली मोजली. काठापासून शंभर फुटांवर सात फूट पाणी होते. त्यात दोर बांधण्याच्या जागेची पाण्यावरील उंची एक फूट मिळविली. आठ फुटांच्या सातपट म्हणजे छप्पन्न. साठ फूट दोर सोडायचा. दर्यावर्दी लोकांतही सर्वसाधारण हवेला पाचपट आणि जोराच्या वाऱ्याला सातपट वा त्याहून अधिक दोर सोडण्याची रीत आहे. कारण तेच. दोर जितका लांब, तितका तो आडवा. जितका आडवा, तितका नांगर खोल. आमच्या मामांच्या होड्या पाचूबंदरला अशाच लांब दोरावर डोलत असत. उधाणाला तेथे पाणी दहा-पंधरा फुटांनी वरखाली होते. आखूड दोराची होडी भरतीला बुडेल आणि ओहोटीला लटकेल, असे मामा म्हणत. कृष्णेवरच्या नावाड्याला आणि वसईच्या कोळ्याला एकाच गुरूने शिकविले असावे.

नांगर फेकला नाही. हळूच, फाळ खाली जाईल असा सोडला. मग वाऱ्याला तराफा मागे ढकलू दिला. दोर ताठ झाला, क्षणभर घसरला, पुन्हा ताठ झाला आणि तसाच राहिला. "धरलं," आबा म्हणाले. पाण्याखाली उसाच्या शेताची काळी माती होती. नांगराला ती ओळखीचीच!

तराफ्याची अरुंद बाजू वाऱ्याकडे राहील असा दोर पुढच्या आडव्या बांबूच्या मध्यावर बांधला. रुंद बाजू वाऱ्याला दिली असती तर दाब दीडपट झाला असता. वारा फिरला तर एकटा नांगर उलटून सुटू नये म्हणून दुसरे वजन थोड्या अंतरावर तिरके टाकले. ते होते जुन्या जात्याचा वरचा दगड, ज्याच्या मध्यभागी आयते भोक असते. अशाच भोकाच्या दगडांनी प्राचीन काळी जहाजे नांगरीत. द्वारकेच्या समुद्रात तसे पुष्कळ दगड सापडले आहेत. मात्र दगडाचा भरवसा किती ठेवावा, याचाही हिशेब आहे. आपला काळा दगड पाण्यात गेला की त्याचे सुमारे एक तृतीयांश वजन पाणी उचलून धरते. तीस किलोचा दगड पाण्याखाली वीस किलोचाच उरतो. म्हणून नुसत्या भारापेक्षा रुतणारा फाळ श्रेष्ठ.

मागच्या दोन कोपऱ्यांवरून दोन दोर काठावर आणले, ते समांतर नव्हे तर फाकवून. विजेच्या खांबांना स्पर्श करायचा नाही, अशी ताकीद होती. पहारीने खुंटे ठोकले, तेही ओढीच्या विरुद्ध बाजूस कललेले. प्रत्येक खुंट्यामागे दुसरा खुंटा, आणि पहिल्याचा माथा दुसऱ्याच्या बुडाशी बांधलेला. एक वाकू लागला तर मागचा धरील. बांबूवर दोर घासेल तेथे गोणपाट गुंडाळले. मागचे दोर थोडे सैल ठेवले. तराफा आता काठापासून पंचवीस-तीस फुटांवर, गुडघ्याच्या वर पाण्यात, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. लाट आली की तो माथा उचली, लाट गेली की खाली ठेवी. आपटणे थांबले होते.

शेवटी आबांनी आम्हांला एका जागी उभे केले आणि तराफ्यापलीकडे, पाण्यातून वर आलेल्या दोन झाडांकडे बोट दाखविले. जवळच्या झाडामागे लांबचे झाड बरोबर झाकले जात होते, आणि तराफ्यावर बांधलेला कंदील त्याच रेषेत होता. कंदील रेषेतून सरकला की नांगर घसरला, असे समजायचे. विजेरीच्या प्रकाशात ती झाडे दर अर्ध्या तासाने पाहायची, असे ठरले.

रात्र मोठी होती. दोघादोघांनी पाळी घेतली. आमच्या पाळीत आम्ही मनातल्या मनात जपमाळ म्हणत होतो. शेजारी तालमीचा मुलगा गुडघ्यांना मिठी घालून गप्प बसला होता. एका खेपेस त्याने विचारले, "सर, तुमची माळ झाली काय?" झाली म्हटल्यावर तो म्हणाला, "मग आणिक एकदा म्हणा की." पलीकडे सहाव्या घराच्या खिडकीत मेणबत्तीचा ठिपका दिसत होता. त्या ठिपक्याकडे पाहत राहणे आणि कंदिलाची रेषा तपासणे, एवढेच काम. पहाटे तीनच्या सुमारास वाऱ्याने जोर केला. आबा उठले, काठावरील दोराला त्यांनी दोन बोटे लावली आणि आमचा हात धरून तेथे ठेवला. "सर, दोर बोलतोय बघा. असा एकसारखा ताणतोय तवर भ्या न्हाई. थरथरला, तटतटला, की नांगर जमिनीवरनं फरपटतोय." दोर एकसारखा ताणत होता. रोवलेल्या काठीवरील खुणेवरून पाणी एक वीत वाढलेले दिसले. तेवढेच मागचे दोर त्यांनी सैल केले.

उजाडताना वारा मंदावला. पहिल्या खेपेला आई आली, खाटेसकट. दुसऱ्या खेपेला तिचा मुलगा. वर रस्त्यावर गाडी उभी होती. त्यांची पाळी चुकली नाही. आई गाडीत बसेपर्यंत एका हाताने मुलाचा सदरा धरून होती.

दुपारी नांगर काढण्याची वेळ आली. रात्रभर साऱ्या वाऱ्याला न जुमानणारा तो नांगर आता कसा निघणार, अशी आम्हांला चिंता. आबांनी दोर ओढत तराफा बरोबर नांगराच्या डोक्यावर नेला आणि दोर सरळ वर खेचला. एका तरुणाच्या बळाने नांगर चिखलासह वर आला. रात्री आडव्या ओढीला जो हलला नाही, तो उभ्या ओढीला सहज निघाला.

त्या आठवड्यात मिस्सेला जाता आले नाही म्हणून घरी आम्ही 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय वाचला. तो पूर्वी अनेकदा वाचला होता. परंतु या वेळी त्यातील दोर आणि नांगर जिवंत झाले. संत पौल बंदिवान म्हणून रोमला नेला जात असता वादळात सापडतो. जहाजावर २७६ माणसे. चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा संशय येतो. ते खोली मोजतात. वीस वाव. थोड्या वेळाने पुन्हा मोजतात. पंधरा वाव. काठ जवळ येत आहे, ही बातमी त्यांना आनंदाची वाटत नाही, भीतीची वाटते. कारण अंधारात वाऱ्याने काठावर फेकलेले जहाज फुटते. तेव्हा ते जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि दिवस उगवावा म्हणून प्रार्थना करीत बसतात.

मागच्या बाजूने का? आम्हांला त्याचे उत्तर आता कळले असे वाटते. नांगर पुढून टाकला असता तर जहाजाचे तोंड समुद्राकडे वळले असते. मागून टाकल्यामुळे ते काठाकडेच राहिले, म्हणजे उजाडताच दोर कापून थेट किनारा गाठता यावा. ते थांबणे पोहोचण्यासाठी होते. त्याच रात्री काही खलाशी नांगर टाकण्याचा बहाणा करून लहान होडीतून पळू पाहतात आणि शिपाई त्या होडीचे दोर कापतात. त्याच पहाटे पौल सर्वांना जेवावयास सांगतो. भाकर घेऊन, देवाचे आभार मानून, मोडून खातो. पुढे जहाज फुटते, पण माणूस एकही दगावत नाही. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, सारे मालटा बेटावर पोहोचतात. त्या फळ्यांचे चित्र मनात आले की आम्हांला आमची आठ पिंपे आठवतात.

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी रोमच्या भुयारी दफनभूमींत आपल्या मृतांच्या कबरींवर नांगराचे चित्र कोरले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. २०२५ च्या ज्युबिली वर्षाच्या बोधचिन्हातही क्रूसाचे खालचे टोक नांगर झालेले आपण सर्वांनी पाहिले. या चिन्हाचा अर्थ आम्ही पूर्वी 'घट्ट धरून बसणे' असा लावीत होतो. त्या रात्रीनंतर त्यात थोडी भर पडली. नांगर आपण ज्याला धरतो ते जवळचे आणि दिसणारे नसते. तो दूर, खोल पाण्यात, डोळ्यांआड असतो. आपल्या हाती येतो तो केवळ दोर, आणि दोराला लागलेल्या बोटांना कळते की खाली काहीतरी धरून आहे. प्रार्थनेचा अनुभव याहून फारसा वेगळा नसतो.

आणि दुसरी गोष्ट अंतराची. प्रभू येशू सिमोनाच्या होडीत बसला तेव्हा त्याने ती काठापासून थोडी दूर न्यायला सांगितली आणि तेथून लोकांना शिकविले, असे संत लूक सांगतो. फार दूर नव्हे, थोडी. लोकांना आवाज ऐकू यावा इतकी जवळ आणि गर्दीने चेंगरू नये इतकी लांब.

आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत आज हा अंतराचा प्रश्न आहे. कोल्हापुरातील आमचा समाज लहान. मुले शिकतात आणि पुण्याला, मुंबईला, आखाताला, त्याहीपलीकडे जातात. काही आईबाप भीतीपोटी दोर आखूड करतात. रोज तीन वेळा दूरध्वनी, प्रत्येक गोष्टीची विचारणा, प्रत्येक निर्णयात हात. मूल काठावर आपटते आणि एके दिवशी दोर तुटतो. दुसरे काही आईबाप थकून दोरच सोडून देतात. दोन्ही प्रकार आम्ही आमच्या ओळखीत पाहिले आहेत. आमच्या धाकट्या मुलीने परमुलखात नोकरी धरली तेव्हा आमच्या घरातही दोन मते होती. अखेर तिच्या आईने तिच्या पेटीत बायबल आणि कोकमाची पिशवी ठेवली आणि रविवारी संध्याकाळी एकदा बोलायचे, एवढेच ठरविले. पाच वर्षे होत आली. तो रविवार तिने क्वचितच चुकविला आहे. कधीतरी तिचा आवाज थरथरतो, तेव्हा आम्हांला आबांची दोन बोटे आठवतात आणि मग आम्ही अधिक वेळ बोलतो, किंवा नुसते ऐकतो.

सांगड तर आम्ही येथेच, दारापुढे पाहिली. पूर ओसरल्यावर तराफा सोडला. पिंपे धुऊन, बुचे लावून तालमीच्या मागच्या खोलीत रचली आहेत. फळ्या आमच्या चर्चच्या आवारात आहेत. दोर कोणाकडे आणि साखळी कोणाकडे, याची यादी एका मुलाच्या वहीत आहे. नांगर ज्याचा त्याला परत केला. त्याने तो पुन्हा पडवीत टाकला नाही. तेल लावून भिंतीशी उभा करून ठेवला आहे, आणि जून लागला की तालमीची मुले व आमची मुले मिळून एका रविवारी दोर ताणून पाहतात.